लाहिंच येथील दक्षिण आयर्लंड गोल्फ-स्पर्धा : एका मैदानाचे पाठभेद

जुन्या पोथ्या चाळण्यांत हयात घालविलेल्या वाचकांस चेंडूच्या खेळावरील टिपण या पृष्ठांत पाहून नवल वाटेल. परंतु सव्वाशे वर्षांहून अधिक परंपरा असलेल्या स्पर्धेच्या इतिहासांतहि मूळ पाठ, प्रक्षेप व शुद्ध प्रत हे आपल्या नित्य परिचयाचेच प्रश्न उभे राहतात.

लाहिंच हें आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यांत, वाळूच्या टेकड्यांलगत वसलेलें लहानसें गांव होय. १८८७ सालीं तिकडे लोहमार्ग झाला व १८९२ सालीं तेथें गोल्फ क्लब स्थापन झाला. १८९४ सालीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूजचा विख्यात खेळाडू ओल्ड टॉम मॉरिस यानें मैदानाची आंखणी केली, आणि १८९५ सालीं हौशी खेळाडूंची ही स्पर्धा सुरू झाली.

विजेत्यांच्या यादींत जॉन बर्क याचें नांव अकरा वेळां येतें. त्याचा पहिला विजय १९२८ चा व अखेरचा १९४६ चा. पुढें १९९० सालीं डॅरेन क्लार्क, १९९१ सालीं पॉल मॅकगिन्ली व २००० सालीं ग्रॅम मॅकडॉवेल यांनीं हीच स्पर्धा जिंकली. यादी वाचणारा सहजच असें धरून चालतो कीं, हे सर्वजण एकाच मैदानावर खेळले. आमच्या मतें ही समजूत ग्राह्य नाहीं.

कारण १९२७ सालीं ॲलिस्टर मॅकेंझी यानें मैदानाची पुनर्रचना केली. कांहीं भाग समुद्राकडे सरकविला व ग्रीन चढउताराचे केले. हे चढउतार पुढें बरेचसे सपाट करण्यांत आले. १९९९ पासून २००३ पर्यंत मार्टिन हॉट्री यांनीं पुन्हां दुरुस्ती केली. म्हणजे बर्कचे सारे विजय मॅकेंझीनंतरचे, आणि मॅकडॉवेल यांचा विजय तर दुरुस्ती चालू असतांनाचा! गोल्फांत खेळाडूचा अर्धा प्रतिस्पर्धी भूमीच असल्यामुळें हा भेद क्षुल्लक मानतां येत नाहीं.

तथापि सर्वच मूळ नष्ट झालें असें नव्हे. 'क्लॉंडाइक' व 'डेल' हे दोन होल सर्व फेरफारांतून टिकले. पहिल्यांत वाळूची उंच टेकडी ओलांडून चेंडू मारावा लागतो. दुसऱ्यांत ग्रीन दोन टेकड्यांच्या मध्यें दडलेलें असल्यानें पुढील टेकडीवर ठेवलेला पांढरा दगड त्या दिवसाची दिशा दाखवितो. नवी रचना करणाऱ्यांस असे अंध फटके सहसा रुचत नाहींत. तरीहि ते राखले गेले, हीच त्यांच्या प्राचीनत्वाची साक्ष. भिन्न शाखांच्या पोथ्यांत जो पाठ समान आढळतो, त्यास आपण प्रमाण मानतों; तोच न्याय येथें लावावा.

तात्पर्य, विजेत्यांची यादी खरी, परंतु एकटी अपुरी. जुन्या स्पर्धांचे दप्तर जपणारांनीं नांवांबरोबर त्या त्या वर्षाचा मैदानाचा नकाशाहि जपावा. एरव्हीं निरनिराळ्या पिढ्यांच्या खेळाडूंची तुलना निराधार ठरेल.