‘गेम्बा’, ‘कायझेन’, ‘पोका-योके’: कारखान्यात रोज कानावर पडणाऱ्या या शब्दांचा खरा अर्थ काय?

महाळुंगे हे खेड तालुक्यातलं, चाकण एमआयडीसीतलं गाव (बाणेरजवळचं महाळुंगे वेगळं). इथल्या कारखान्यांत पाळी सुरू होताना उभ्याउभ्या एक छोटी बैठक होते. ‘कायझेन द्या’, ‘फाइव्ह एस पाळा’, ‘उद्या साहेब गेम्बाला येणार’. सगळे माना डोलावतात. नवा मुलगा शेजाऱ्याला हळूच विचारतो, “गेम्बा म्हणजे काय रे?” उत्तर येतं, “साहेब येणार, झाडून घे!”

वैताग येतो तो इथेच. शब्द रोजचा, पण अर्थ कुणी सांगत नाही.

हे शब्द आले कुठून?

जपानच्या वाहन उद्योगातून, विशेषतः टोयोटाच्या उत्पादन पद्धतीतून. १९८० च्या दशकात मारुती-सुझुकीमुळे भारतात त्यांना चालना मिळाली. पुढे वाहन कंपन्यांकडून ते सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारांपर्यंत पोहोचले.

त्यांचा अर्थ काय?

गेम्बा: काम प्रत्यक्ष होतं ती जागा. साहेबांनी तिथं येऊन अडचणी बघाव्यात, ही अपेक्षा. आधीच सगळं चकाचक केलं, तर अडचणी दिसणार कशा?

कायझेन: सुधारणा. छोटी, सतत होणारी आणि काम करणाऱ्यालाही सुचवता येणारी. महिन्याला ठरावीक फॉर्म भरायची सक्ती झाली, की जुनीच सूचना नव्या तारखेनं जाते.

फाइव्ह एस: नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा, पद्धत ठरवा, ती पाळा. म्हणजे पाना शोधण्यात वेळ जात नाही.

पोका-योके: चूक होऊच नये अशी रचना. उलटा बसवायला गेलं तर बसणारच नाही असा फिक्श्चर, किंवा दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस.

‘मूर्ख’ शब्द का बदलला?

पोका-योकेला आधी ‘बाका-योके’ म्हणत. जपानीत ‘बाका’ म्हणजे मूर्ख. अभियंते शिगेओ शिंगो यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, १९६३ मध्ये एका कारखान्यातली कामगार हा शब्द ऐकून रडू लागली. तिला वाटलं, आपल्यालाच मूर्ख म्हटलं. मग ‘बाका’ जाऊन ‘पोका’ आलं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक, जी कुणाच्याही हातून होऊ शकते.

कामगाराला दोष न देता यंत्राची रचना सुधारायची, हा त्या शब्दाचा गाभा. म्हणूनच भिंतीवर ‘पोका-योके’चा फलक आणि पार्ट रिजेक्ट झाल्यावर मात्र ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा, हे एकत्र बसत नाही. कंत्राटी कामगारासाठी तर असा एक शेरा नोकरीवर बेतू शकतो.

त्यामुळे पुढच्या बैठकीत हा शब्द आला, तर एक प्रश्न जरूर विचारा: ही चूक यंत्राला अडवता आली असती का?