सोमेश्वराचे शुंठक आणि लष्करातली चूल

हैदराबादच्या खाद्यकीर्तीविषयी आता नव्याने सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. हलीमला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2019 मध्ये युनेस्कोने या शहराचा पाककलेची सर्जनशील नगरी म्हणून गौरव केला. या कीर्तीत वराहमांसाला जागा नाही, आणि ती का नाही हे आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या कुटुंबांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण हायटेक सिटीत नोकरी करणारी आपली नातवंडे अलीकडे एक प्रश्न विचारू लागली आहेत: डुकराच्या पोटाकडचे कुरकुरीत तळलेले मांस या शहरात कोठे मिळते? वडीलधारी मंडळी ‘हे आपल्याकडचे नव्हे’ एवढे बोलून विषय मिटवतात. खाणे न खाणे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मात्र ‘आपल्याकडचे नव्हे’ हे विधान इतिहासाचे आहे, आणि ते तपासून पाहिले पाहिजे.

मुंबईच्या हमरस्त्याने हुमनाबाद ओलांडले की थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागते. हीच चालुक्यांची कल्याणी. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याबरोबर तो कर्नाटकात गेला. या कल्याणीच्या गादीवरील तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना त्याचे दुसरे नाव, ‘अभिलषितार्थचिंतामणी’, अधिक परिचयाचे असेल, कारण महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात हा प्रसिद्ध उल्लेख त्यातलाच. ग्रंथाचे संपादन श्रीगोंदेकरांनी केले आणि तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला; पहिला खंड 1925 चा, दुसरा 1939 चा. म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी दरबाराने हा ठेवा जगापुढे आणला. ओवीचा तो उल्लेख आपण अभिमानाने सांगत आलो. त्याच ग्रंथातील अन्नभोगाचे प्रकरण मात्र आपल्या व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येते.

त्या प्रकरणात इडलीची पूर्वज इड्डरिका आहे, डोशाचा पूर्वज धोसक आहे, शेतातले काळे उंदीर भाजण्याची कृतीही आहे (ही नातवंडांना सांगावी की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे), आणि वराहमांसाचे ‘शुंठक’ आहे. वराह पांढऱ्या वस्त्राने झाकावा, त्यावर कढत पाणी ओतावे, केस हाताने सहज उपटून येईपर्यंत ओतत राहावे. किंवा दुसरी रीत अशी, की अंगाला माती लिंपून गवताच्या जाळावर केस जाळून टाकावेत. मग तुकडे करून निखाऱ्यावर भाजावेत. चरबीयुक्त मांसाच्या ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या केल्या म्हणजे त्यांना ‘चक्कलिका’ म्हणावयाचे. त्या मसाला घातलेल्या दह्यात घालतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे नीट पाहिले पाहिजे. बकऱ्याचे कातडे आपण सोलून काढतो. येथे केस काढावयाचे, पण कातडे राखावयाचे. कॅन्टनचे भाजलेले डुक्कर, फिलिपिन्सचे ‘लेचोन कवाली’, थायलंडचे ‘मू क्रोप’ या साऱ्यांचा प्राण या राखलेल्या कातड्यातच आहे. मांस आधी शिजवून वाळवतात. मग कडक आचेवर कातडे फुगते, त्यावर फोड येतात आणि ते पापडासारखे मोडते. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात पदार्थ नेमका तेवढा कुरकुरीत होत होता असा दावा मी करणार नाही. निखारा वेगळा आणि तेलाची कढई वेगळी. परंतु कातडे राखण्याचे मर्म त्या आचाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

गवताच्या जाळावर केस जाळण्याची ती दुसरी रीत दख्खनच्या खेड्यांत अजूनही चालते. ती राजांनी टिकवली नाही, आणि आपणही नाही. तेलंगणात डुकरे पाळण्याचा परंपरागत व्यवसाय एरुकलांचा. आपल्याकडचे कैकाडी हे त्याच कोरवा समूहाची शाखा मानले जातात. गुन्हेगार जमाती कायद्याने 1871 पासून अशा अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि तो पुसायला 1952 उजाडले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये आले तेव्हा कैकाडी जगणे मराठी वाचकांच्या दिवाणखान्यात पोहोचले. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. राजाच्या ग्रंथात जी कृती विद्या म्हणून नोंदली गेली, तीच गावकुसाबाहेर हीन ठरली. कृतीत फरक नव्हता. फरक होता तो करणाऱ्याच्या जातीत.

शहरात या मांसाला उघड जागा मिळाली ती छावणीमुळे. 1798 च्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज येथे कायमची बसली. हुसेनसागराच्या उत्तरेकडील तिच्या वस्तीला 1806 मध्ये सिकंदरजाहच्या नावावरून सिकंदराबाद म्हणू लागले. जुने हैदराबादी तिला आजही ‘लष्कर’च म्हणतात. ज्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, तिचे ठाणे याच भागात बोलारमला होते. पुढे 1874 मध्ये वाडीहून रेल्वे आली, 1893 मध्ये लालागुड्याचा कारखाना उभा राहिला, आणि आंग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबांबरोबर पोर्क विंदालू सिकंदराबादच्या रविवारचा भाग झाली. आपल्या सुलतान बाजारावरही 1933 पर्यंत रेसिडेन्सीचाच अंमल होता. पण तेथील मराठी आळ्यांत ही चूल पेटली नाही.

तेव्हा नातवंडांच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा लष्कराकडेच बोट दाखवते. तिरुमलगिरी-बोलारमच्या बाजूला कच्चे मांस शोधावे; शिजवलेले हवे असेल तर माधापूर-गच्चीबावलीकडे जावे. नोकरीसाठी आलेल्या ईशान्येकडील तरुणांमुळे तिकडे धुरावलेले पोर्क आणि बांबूचे कोंब मिळू लागले आहेत. मात्र मागवण्यापूर्वी तुकड्याला कातडे ठेवले आहे ना, एवढे विचारून घ्यावे. ते काढलेले असेल, तर कितीही तळले तरी कातड्याचा तो कुरकुरीतपणा येत नाही.