वादाचा निवाडा अवघड का?

वाद मिटला नाही की आपण वादकांना बोल लावतो. कोणी हट्टी ठरतो, कोणी लबाड. परंतु सारे वादक प्रामाणिक असले आणि सारे पुरावे समोर असले, तरीही निवाडा अवघड राहू शकतो. गेल्या काही दशकांत गणिताने हे दाखवून दिले आहे.

आपल्या न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार केले, ते बोलणाऱ्याच्या हेतूवरून. बँकॉक येथे काम करणारे व्हिएतनामी संशोधक फान मिन्ह झुंग यांनी १९९५ साली हेतू बाजूस ठेवला. कोणता मुद्दा कोणत्या मुद्द्याला खोडतो, एवढेच त्यांनी पाहिले. एक साक्षीदार म्हणतो, आरोपी गावात होता. दुसरा म्हणतो, हा साक्षीदारच त्या दिवशी परगावी होता. तिसरा दाखवतो की, दुसऱ्याचा पुरावा बनावट आहे. तिसऱ्याला कोणीच खोडत नाही. म्हणून दुसरा पडतो आणि पहिला पुन्हा उभा राहतो. हा निवाडा यंत्र सहज करते.

पण दोघे परस्परांना खोटे ठरवू लागले की दोन सुसंगत पक्ष उभे राहतात. अशा गाठी वाढल्या म्हणजे पक्षही बेसुमार वाढतात. केवळ ३० मुद्द्यांतून १०७ कोटींहून अधिक गट पाडता येतात. एखादा मुद्दा निदान एका समर्थनीय पक्षात बसतो का, हा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ असल्याचे दिमोपूलोस व तोरेस यांच्या १९९६ च्या कामातून निष्पन्न झाले. म्हणजे असा पक्ष कोणी हाती दिला, तर तपासणे सोपे. तो शोधण्याची सदैव जलद चालणारी रीत मात्र अद्याप कोणास सापडलेली नाही. पुढे २००२ साली लिव्हरपूलच्या डन व बेंच-केपन यांनी सिद्ध केले की, ज्यांत आणखी भर घालता येत नाही अशा प्रत्येक समर्थनीय पक्षात मुद्दा टिकतो का, हे ठरवणे त्याही वरच्या पायरीचे आहे.

२०१५ पासून अशा संगणक-प्रणालींच्या स्पर्धा होत आहेत. पुष्कळ उदाहरणे त्या सोडवतात. परंतु सिद्धांताने घातलेली मर्यादा त्यामुळे हटत नाही. निर्विवाद मुद्द्यांपासून निघून हाती येईल तेवढेच मानावे, हा मार्ग जलद खरा. पण तो गाठीपाशी मौन धरतो.

तेव्हा यंत्राने झटपट निकाल दिला, तर त्याने मुद्दा एका बाजूने टिकतो एवढेच पाहिले, की सर्व बाजूंनी तपासले, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये, असे आम्हांस वाटते.