वकिलीची उमेदवारी

वकिलीची सनद परीक्षेने मिळते, पण वकिली उमेदवारीतच शिकावी लागते, हे ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी मुलगा वा मुलगी कायदा शिकत आहे त्यांना सांगावयास नको. जुने निवाडे शोधणे, मसुदे करणे, अशिलाची हकीकत टिपून घेणे, हे काम बहुधा बिनमोबदल्याचे आणि कंटाळवाणेही. अशाच कामातून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा न्यायालयीन लढा कसा उभा राहिला, त्याची हकीकत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरले. गोऱ्यांच्या शाळा निराळ्या, काळ्यांच्या निराळ्या, यास त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला. त्याविरुद्ध लढावयाचे तर वकील हवेत. ते आणावयाचे कोठून? वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचे विधिविद्यालय १८६९ पासून चालू होते, परंतु तेथील शिक्षण मुख्यतः रात्रीचे. १९२९ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी त्याची सूत्रे हाती घेतली. पहिल्या महायुद्धात सैन्याधिकारी असताना वर्णभेदाचे चटके सोसून पुढे हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले हे गृहस्थ. त्यांनी रात्रीचे वर्ग बंद केले. दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या गरिबांची वाट त्यामुळे अडली, आणि माजी विद्यार्थ्यांनी केलेला विरोध आम्हांस अनाठायी वाटत नाही. पण १९३१ मध्ये विद्यालयास पूर्ण मान्यता मिळाली, हेही खरे. शिस्त इतकी कडक की अनेक विद्यार्थी मध्येच गळाले. जे टिकले त्यांना ह्यूस्टन यांनी न्यायालये, पोलीसठाणी व तुरुंग दाखविले.

टिकलेल्यांपैकी एक थर्गुड मार्शल. त्यांच्या बाल्टिमोर गावातच मेरिलँड विद्यापीठाचे विधिविद्यालय होते, पण तेथे कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. म्हणून ते रोज आगगाडीने वॉशिंग्टनला जात. फीसाठी त्यांच्या मातोश्रींनी, ज्या स्वतः शिक्षिका होत्या, लग्नाची अंगठी गहाण टाकली. १९३३ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि दोनच वर्षांनी, गुरूंच्या जोडीने, डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय तरुणास त्याच मेरिलँडच्या विद्यालयात न्यायालयामार्फत प्रवेश मिळवून दिला.

१९३८ च्या गेन्स खटल्यापूर्वी ह्यूस्टन यांनी आपल्या युक्तिवादाची रंगीत तालीम हॉवर्डमध्ये शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर केली. पुढील मोठ्या खटल्यांतही ही प्रथा चालू राहिली.

उत्तरपत्रिका तपासण्यात उभे आयुष्य घालविलेल्या आम्हांस मात्र पॉली मरे यांची हकीकत सर्वांहून अधिक भावते. १९४४ मध्ये त्या हॉवर्डच्या शेवटच्या वर्षात होत्या. वर्गात त्या एकट्याच स्त्री. काळ्यांच्या शाळा ‘समान’ नाहीत एवढेच तोपर्यंत वकील सिद्ध करीत. ‘वेगळे’पणावरच घाव घाला, असे पॉलीबाईंनी वर्गात मांडले. सहाध्यायी हसले. प्लेसीचा निवाडा पंचवीस वर्षांत रद्द होईल, अशी दहा डॉलरांची पैज त्यांनी आपले शिक्षक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी लावली आणि तो विचार निबंधात लिहून दिला. रॉबिन्सन यांनी निबंध जपून ठेवला. १९५३ मध्ये ब्राउन खटल्याची तयारी चालली असता तो बाहेर काढून वकिलांनी अभ्यासिला. १७ मे १९५४ रोजी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. पैजेची मुदत निम्मीही सरली नव्हती. ह्यूस्टन १९५० मध्येच निवर्तले होते. आपल्या निबंधाचा असा उपयोग झाला, हे पॉलीबाईंस कित्येक वर्षांनी कळले.

पुढे ही उमेदवारी कचेरीबाहेर पडली. १९६३ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी नागरी हक्कांसाठी एक संशोधन परिषद स्थापिली आणि तिच्यामार्फत सुट्टीत विद्यार्थी दक्षिणेतील वकिलांच्या मदतीस जाऊ लागले. त्याच उन्हाळ्यात येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या एलिनर होम्स मिसिसिपी राज्यात आल्या. तेथील पुढारी मेडगर एव्हर्स यांनी त्यांस दिवसभर जॅक्सन शहर दाखविले. त्याच रात्री एव्हर्स यांचा खून झाला. इकडे विनोना गावच्या तुरुंगात फॅनी लू हेमर यांना मारहाण झाली होती. त्यांच्या सुटकेसाठी निघण्यापूर्वी या विद्यार्थिनीने ग्रीनवुडच्या पोलीस प्रमुखांस गाठले आणि आपण येलच्या आहोत, येत आहोत, असे विनोनास आधी कळवावयास लावले. मग त्या विनोनास गेल्या.