स्नो, कार्मेल
(२१ ऑगस्ट १८८७–७ मे १९६१). फॅशनविषयक नियतकालिकाची ख्यातनाम आयरिश-अमेरिकन संपादिका. जन्म आयर्लंडमधील डॉल्की येथे. १९२१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या ‘व्होग’मध्ये रुजू झाली. १९३२ मध्ये ती प्रतिस्पर्धी ‘हार्पर्स बझार’कडे गेली, तेव्हा ‘व्होग’चा मालक काँडे नास्ट याने तिच्याशी कायमचे संबंध तोडले. १९३४–५८ या काळात तिने ‘बझार’चे संपादन केले. मार्टिन मुंकाचीकडून समुद्रकिनाऱ्यावर धावणाऱ्या युवतीचे छायाचित्र घेऊन (१९३३) तिने फॅशन-छायाचित्रणास स्टुडिओतील निश्चल मांडणीतून बाहेर काढले. ॲलेक्सी ब्रोडोव्हिच, डायना व्ह्रीलँड, रिचर्ड ॲव्हेडॉन यांच्या गुणांनाही तिने वाव दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसचे वेशभूषेतील अग्रस्थान डळमळीत झाले असता क्रिस्त्याँ दिऑरच्या पहिल्या वस्त्रसंग्रहास तिने ‘न्यू लुक’ म्हटले (१९४७). हे नाव जगभर रूढ झाले व पॅरिसच्या पुनःप्रतिष्ठेस साहाय्यभूत ठरले.