काखेतील गाठ : वेस की वर्दी?

पायाची जखम चिघळली म्हणजे जांघेत गाठ येते. हाताची चिघळली म्हणजे काखेत येते. अशा गाठीस मराठीत ‘अवधाण’ असे नाव आहे. दुखणे एका ठिकाणी आणि त्याची वर्दी दुसऱ्या ठिकाणी, हे निरीक्षण या शब्दाच्या नित्य वापरात गृहीत धरलेले आहे. पाश्चात्त्य शस्त्रवैद्यकाने मात्र स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठीस दीर्घकाळ वर्दी न मानता वेस मानले. या रोगावरील उपचारांचा इतिहास हा बव्हंशी या दोन कल्पनांमधील वादाचा इतिहास होय.

प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन याच्या मते कर्करोग हा काळ्या पित्ताच्या प्रकोपाने होणारा सर्व शरीराचा विकार होता. अठराव्या शतकात फ्रेंच शस्त्रवैद्य ल द्रां याने हा रोग एका जागी उद्भवतो व लसीकेच्या वाटेने गाठींपर्यंत जातो, असे प्रतिपादिले. पुढे जर्मनीत विरखो याने या गाठी गाळणीप्रमाणे रोगकण अडवून धरतात, असा सिद्धान्त मांडला. १८६७ साली लंडनच्या चार्ल्स मूर याने रोग उलटतो तो अपुऱ्या शस्त्रक्रियेमुळेच, असे बजावले. रोग वेस ओलांडण्यापूर्वी वेशीसकट कापून काढला म्हणजे रोगी बरा होणार, हा निष्कर्ष आता अटळ वाटू लागला.

तो निष्कर्ष अमेरिकेत बाल्टिमोर येथील विल्यम हॉल्स्टेड याने पूर्णत्वास नेला. १८९४ साली त्याने ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालील छातीचा मोठा स्नायू व काखेतील सर्व गाठी तो एकसंध काढी. या शस्त्रक्रियेस ‘रॅडिकल’ हे विशेषण लागले. त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘मुळाशी निगडित’ असा आहे. पण व्यवहारात त्यास ‘जितके अधिक तितके उत्तम’ असा अर्थ येऊन चिकटला. छातीवर रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले, हे यश खरे होते. परंतु रोगिणीचे आयुष्य शस्त्रक्रियेच्या विस्तारापेक्षा गाठींत रोग पोहोचला होता की नाही, यावर अधिक अवलंबून राही. जगलेल्या कित्येक स्त्रियांची छाती खोल जाई आणि हात सुजून जन्मभर जड राही.

१८९५ साली क्ष-किरणांचा व १८९८ साली रेडियमचा शोध लागला आणि शस्त्रास पर्याय निर्माण झाला. लंडनमधील सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स याने १९२० नंतरच्या दशकात रेडियमच्या सुया स्तनात व काखेत बसवून शस्त्रक्रियेचा व्याप कमी केला. एडिंबरो येथे रॉबर्ट मॅकव्हर्टर याने केवळ स्तन काढून काखेवर किरणोपचार करण्याची पद्धती अवलंबिली व १९४८ साली तिचे फलित मांडले. तथापि तुलनेसाठी समान गट नसल्यामुळे वाद मिटला नाही.

तो कसोटीस लागला १९७१ साली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर याच्या नेतृत्वाखाली १,६६५ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, गट पाडण्यात आले. काखेत गाठी हातास लागत होत्या अशा ५८६ जणींपैकी काहींवर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया झाली. इतरांचा केवळ स्तन काढून काखेवर किरणोपचार झाले. पंचवीस वर्षांनंतरही दोन्ही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय अंतर आढळले नाही. गाठी हातास न लागणाऱ्यांची कथा अधिक बोधक आहे. त्यांच्यापैकी ज्यांच्या गाठी काढल्या, त्यांतील सुमारे ४० टक्के स्त्रियांत सूक्ष्म रोग सापडला. परंतु गाठी न काढता व किरण न देता ज्यांना राखले, त्यांतील सुमारे १८ टक्क्यांतच तो पुढे प्रकट झाला. गाठ ही वेस नसून, रोग रक्तावाटे अन्यत्र गेला असावा याची खूण आहे, असे फिशरचे मत होते.

परंतु ‘केवळ खूण’ म्हणणेही अपुरे ठरले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील प्रयोगात, स्तन काढून औषधोपचार घेणाऱ्या, रोग बळावण्याचा धोका अधिक असलेल्या १,७०८ तरुण व मध्यमवयीन स्त्रियांचा अभ्यास झाला. छाती व लसीकाग्रंथींच्या भागावर किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया दहा वर्षांनी हयात होत्या. न मिळालेल्यांपैकी ४५ टक्के. मागे राहिलेला रोग काही जणींच्या बाबतीत पुढील प्रसाराचे उगमस्थान होतो, हे यावरून उघड झाले.

१९९० नंतर डेव्हिड क्रॅग याने किरणोत्सर्गी द्रव्याच्या व अर्माँडो जूलिआनो याने निळ्या रंगाच्या साहाय्याने, स्तनातील लसीका सर्वप्रथम जेथे जाते ती गाठ हुडकण्याची रीत सिद्ध केली. तिला ‘पहारेकरी ग्रंथी’ म्हणतात. शब्दात वेशीचे रूपक परतले खरे. पण आता पहारेकऱ्याकडून केवळ वार्ता घ्यावयाची असते. तीत रोग नसल्यास उर्वरित गाठी राखता येतात. रोग असूनही हातास गाठी न लागणाऱ्या रुग्णांवरील युरोपीय प्रयोगाचे फलित २०१४ साली प्रसिद्ध झाले. गाठी काढलेल्या व काखेवर किरण दिलेल्या अशा दोन्ही गटांत काखेत रोग उलटण्याचे प्रमाण अत्यल्प होते; पाच वर्षांनी हाताची सूज मात्र पहिल्या गटात २३ टक्के, तर दुसऱ्यात ११ टक्के स्त्रियांत आढळली. हॉल्स्टेडच्या काळी हाताची सूज ही जीव वाचविण्याची अपरिहार्य किंमत समजली जाई. ती बव्हंशी एका रूपकाची किंमत होती, हे कळावयास एक शतकाहून अधिक काळ जावा लागला.