रणगाडा, छायाचित्र आणि नाव

युद्धेतिहासाची साधने म्हटली की बखरी, पत्रव्यवहार, तहनामे आणि दप्तरे आपल्यापुढे उभी राहतात. विसाव्या शतकातील युद्धांनी त्यांत दोन साधनांची भर घातली : यांत्रिक लढाऊ वाहन आणि रणभूमीवर घेतलेले छायाचित्र. विलक्षण घडणीचे वाहन पाहून मन विस्मित होते, आणि छायाचित्र पाहताच त्यावर सहज विश्वास बसतो. विस्मय आणि विश्वास या दोन्ही वृत्ती संशोधकाने जपून वापरावयाच्या असतात. या साधनांचा अर्थ लावताना त्यांना दिलेल्या आणि त्यांवर लिहिलेल्या नावांची चिकित्सा प्रथम करावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभ 'टँक' या शब्दापासूनच करणे इष्ट होय. डोंगरी किल्ल्यांवर खडक खोदून केलेल्या जलाशयास मराठीत 'टाके' म्हणतात. शिवनेरीवरील गंगा-जमुना ही टाकी प्रसिद्धच आहेत. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या बोलण्यात गुजराती-मराठीतील हा शब्द रुळला आणि सतराव्या शतकात इंग्रजीत 'टँक' या रूपाने जलाशयाच्या अर्थी वावरू लागला. पोर्तुगीजमध्ये 'तांक' हा समानार्थी शब्द असून त्याची व्युत्पत्ती लॅटिनकडे नेली जाते. तेव्हा इंग्रजी शब्दात दोन प्रवाह मिसळले, असे मानणे सयुक्तिक ठरते. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या प्रश्नाची चर्चा आहे.

पाण्याच्या टाक्याचे नाव लढाऊ यंत्रास मिळाले ते गुप्ततेसाठी. इंग्लंडमधील लिंकन येथे विल्यम फॉस्टर आणि कंपनीच्या कारखान्यात हे यंत्र सिद्ध होत असता, ते मेसोपोटेमियात पाणी वाहून नेण्यासाठी आहे अशी बतावणी करण्यात आली. डिसेंबर १९१५ मध्ये 'टँक' हे सांकेतिक नाव निश्चित झाले. पुढे काही यंत्रांवर, ती जणू रशियास पाठवावयाची आहेत अशा थाटात, 'जपून, पेट्रोग्राडकडे' अशा अर्थाची रशियन अक्षरेही रंगविण्यात आली. अशा यंत्राचे एखादे सुटे छायाचित्र अभ्यासकाच्या हाती आले, तर ती अक्षरे वाचून तो त्याची गणना रशियन सैन्याच्या सामग्रीत सहज करील. छायाचित्र खरे, अक्षरेही खरी. मात्र त्यांतून निघणारे विधान खोटे, आणि तेही हेतुपुरस्सर रचलेले.

या बतावणीतील मेसोपोटेमिया महाराष्ट्रास परका नव्हता. त्याच डिसेंबरच्या ७ तारखेपासून सहावी (पुणे) डिव्हिजन तेथील कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्नान्नदशा होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी ती सेना शरण गेली. ज्या भूमीचे नाव लिंकनमध्ये केवळ आडपडद्यासाठी घेतले जात होते, त्या भूमीवर त्याच वेळी मराठा शिपाई उपासमार सोशीत होता. मूळच्या 'टाके' या शब्दाचा प्रवास पाहताना हा योग नजरेआड करता येत नाही.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील फ्लेर-कूर्सलेत येथे रणगाडे प्रथम लढाईत उतरले. त्या दिवसाच्या नोंदीने प्रसिद्ध असलेले एक छायाचित्र ब्रिटिश सरकारचे अधिकृत छायाचित्रकार अर्नेस्ट ब्रुक्स यांनी घेतले आहे. त्यात 'क्लॅन लेस्ली' या नावाचा सी-१९ क्रमांकाचा रणगाडा दिसतो. त्याच्या माथ्यावर हातबाँब अडविण्यासाठी तारेच्या जाळीचे छप्पर आहे आणि मागे दिशा वळविण्यासाठी जोडलेली चाके आहेत. ही शेपटीची चाके पुढील नमुन्यांत टाकून देण्यात आली. ज्या प्रयोगाचा मागमूस पुढील यंत्रांत राहिला नाही, त्याची साक्ष हे चित्र देते. विलक्षण वाहनांच्या छायाचित्रांचे खरे मोल येथे आहे : यशस्वी नमुने पुढच्या पिढीत टिकून राहतात, फसलेले प्रयोग बहुधा चित्रातच उरतात.

तथापि चित्रालाही मर्यादा आहे, आणि ती प्रत्यक्ष वाहनापाशी उभे राहिल्यावर कळते. याची सोय महाराष्ट्रातच आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला असून १९९४ पासून तेथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. रोल्स-रॉइस मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या चिलखती गाडीपासून भारतात तयार झालेल्या 'विजयंता'पर्यंतची वाहने तेथे पाहावयास मिळतात. त्यांतील 'आर्चर' हे ब्रिटिश वाहन आपल्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. 'व्हॅलेंटाइन' रणगाड्याच्या सांगाड्यावर त्यात सतरा पौंडी रणगाडाविरोधी तोफ बसविली आहे, आणि त्या तोफेचे तोंड वाहनाच्या मागील बाजूस आहे. तोफ डागताना तिचा मागचा भाग चालकाच्या जागेपर्यंत येत असल्यामुळे चालकास आसन सोडावे लागे. उलट मारा करून त्याच तोंडाने निघून जाण्याची सोय मात्र आयती होती. छायाचित्रात हे वाहन पाहणारा, तोफेच्या रोखाकडेच ते चालले आहे असे समजतो आणि माघारीला चढाई म्हणून मोकळा होतो. शिवाय 'आर्चर' हा रणगाडा नव्हेच. ती स्वयंचलित तोफ होय.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील उत्पादनाचे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील फोर्ड कंपनीच्या सांगाड्यांवर हिंदुस्थानातील रेल्वे-कारखान्यांत चिलखती कवच चढवून चारचाकी वाहने तयार करण्यात आली. कवचाचे पोलाद जमशेटपूरच्या टाटांच्या कारखान्याचे होते. १९४० ते १९४४ या काळात अशी साडेचार हजारांहून अधिक वाहने बाहेर पडली. सरकारी कागदांत त्यांचे नाव 'हिंदी नमुन्याचे चाकांचे चिलखती वाहन' असे लांबलचक होते. सैनिकांनी त्यास 'टाटानगर' म्हटले. टाटानगर हे जमशेटपूरच्या रेल्वे स्थानकाचे नाव. सरकारी नाव वाहनाचा वर्ग सांगते, सैनिकांचे नाव त्याचे जन्मस्थान सांगते. वाळवंटातील मोहिमेच्या चित्रांत या वाहनास केवळ ब्रिटिश म्हटले, तर ते पोलाद ओतणारे आणि सांधणारे हिंदी कामगार इतिहासातून गळतात.

तिसरे उदाहरण व्यक्तिनामाच्या जवळ जाणारे आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. पुण्यात जन्मलेल्या या अधिकाऱ्याचे वय तेव्हा २१ वर्षांचे होते. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता', म्हणजे सायप्रस बेटावरील एका बंदराचे. तो रणगाडा दुरुस्त करून नगर येथेच जतन केला आहे. त्यात त्यांच्यासमवेत प्रयागसिंग, नथूसिंग आणि नंदसिंग हे सवार होते. त्यांपैकी नंदसिंग त्याच लढाईत कामी आले. पोलादावर कोरलेले किंवा रंगविलेले नाव यंत्राचे असते. आत बसलेल्यांची नावे लिहिण्याचे काम इतिहासकाराकडे येते.

यावरून चित्राखालील ओळ ही केवळ सजावट नसून एक ऐतिहासिक विधान आहे, हे स्पष्ट व्हावे. मराठी लेखनात चिलखती गाडी, स्वयंचलित तोफ, सैन्यवाहक गाडी या सर्वांना सरसकट 'रणगाडा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. 'रणगाडा' हा शब्द मोठा समर्पक आहे. संस्कृत 'रण' आणि शेतकऱ्याचा 'गाडा' यांचा त्यात सुरेख सांधा जुळला आहे. म्हणूनच तो ढिलेपणाने वापरणे योग्य नव्हे. ओळ लिहिताना वाहनाचा वर्ग कोणता, ते कोठे घडले, त्यावर कोणती अक्षरे आहेत व ती कोणी कशासाठी लिहिली, आणि आत कोण होते, हे चार प्रश्न विचारले जावेत. जुईनगर-वाशीकडील विद्यार्थ्यांस नगर फार दूर नाही. हाती चित्र घेऊन तेथील वाहनांभोवती एक फेरी घातली, तर या चारांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी डोळ्यांनीच मिळतील. चौथ्यासाठी दप्तरांकडे वळावे लागेल, आणि तेथेच इतिहासाचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते.